टेबलावरची दोन बायबलं

तर खेचर पुलावर पाऊल टाकायला तयार नाही, इथवर काल आपण आलो होतो.

ऑगस्टचं ऊन. खाली ओढ्याला मांडीइतकं पाणी. पलीकडच्या काठावर ओकच्या सावलीत अर्धी टकापा काउंटी, म्हणजे आमचा अर्धा जिल्हा, जेवणाची वाट बघत बसलेली. आणि अलीकडे आमचे ॲन्सेल टॅरंट, पंचविशी नुकतीच उलटलेली, जवळ होता तो एकुलता एक चांगला सूट अंगावर, विधानसभेचे उमेदवार. लगाम ओथो मिम्सच्या हातात. ओथोचं तेव्हा राजकारणाशी काही देणंघेणं नव्हतं. खेचर त्याच्या बापाचं, म्हणून तो बरोबर. त्यानं ओढून पाहिलं, चुचकारून पाहिलं, टोपीत मक्याचे दाणे घेऊन पुढे नाचून पाहिलं. खेचर ढिम्म हलेना.

पलीकडून कोणीतरी ओरडलं, "अहो वकील, त्याला कायदा वाचून दाखवा की!"

"दाखवला!" टॅरंट इकडून ओरडले. "ते म्हणतं, अपिलात जातो!"

काठावर हशा पिकला. तो विरायच्या आत टॅरंटनी बूट काढून गळ्यात अडकवले आणि सुटासकट ओढ्यात उतरले. पलीकडे निघाले ते चिखलानं माखलेले, आणि विजारीतून पाणी गळत असतानाच त्यांनी भाषण ठोकलं. विरोधातला माणूस मोठा जमीनदार, बग्गीतून आलेला. तो म्हणाला, "ज्याचं खेचरसुद्धा ऐकत नाही, त्याचं राजधानीत कोण ऐकणार?" टॅरंट म्हणाले, "खेचराला मत असतं तर मी अजून तिकडेच उभा असतो. मतं इकडे आहेत, म्हणून इकडे आलो." झालं. टकापा काउंटीला हसवलं की काउंटी आपली. टॅरंट निवडून आले, आणि ओथो मिम्स त्या दिवसापासून त्यांच्या सावलीसारखा झाला.

हे टॅरंट काही कॉलेजात शिकलेले नव्हते. पेटिग्रू गावात, चौकातल्या कोर्टासमोर, मामाची वकिली होती. मामाच्या कचेरीत झाडू मारत, त्याच्या पिकदाण्या रिकाम्या करत पोरगा कायदा वाचायला शिकला. मामा कडक. म्हणायचा, "ॲन्सेल, कायद्याचं पुस्तक सरळ धर. उलटं धरून वाचणारे सगळे विधानसभेत बसलेत." आणि भाच्यानं नेमकी तीच विधानसभा गाठली. मामाची एकच इच्छा होती. आमच्या काउंटीतला एक तरी माणूस राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या खुर्चीवर बसावा. ती मनात धरूनच तो गेला, आणि जाताना भाच्याच्या गळ्यात बांधून गेला.

विधानसभेत टॅरंटनी काय केलं, हे आमच्याकडचे लोक सांगताना पुलाची गोष्ट सांगतात, रस्त्याची सांगतात, बहिऱ्या-मुक्यांच्या शाळेला दिलेल्या इमारतीची सांगतात. एक गोष्ट कोणी सांगत नाही, कारण ती कोणाला सांगण्याजोगी वाटली नाही. मत द्यायला येणाऱ्यानं नोंदणी करणाऱ्यासमोर राज्यघटनेचा उतारा वाचून त्याचा अर्थ सांगायचा, असं एक बिल आलं होतं. वाचणाऱ्याला अर्थ आला की नाही, हे ठरवणार नोंदणी करणारा. तो गोऱ्याला पास करणार आणि काळ्याला नापास, हे शाळेतल्या पोरालाही कळत होतं. त्या बिलाची भाषा टॅरंटनी सुधारून दिली. ओथोनं तेव्हा विचारलं होतं, "साहेब, ह्यानं काय होईल?" ते म्हणाले, "व्यवस्था राहील, ओथो." आणि खिशातल्या उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले. शेंगांचं त्यांना व्यसनच. पुढे जज्ज झाल्यावर काळ्या झग्याच्या खिशातसुद्धा टरफलं सापडायची. मिस कोराली, त्यांची बायको (लग्न झालं तरी आमच्याकडे बाईला मिसच म्हणतात), झगा धुवायला काढताना आधी तो अंगणात झटकून घ्यायची.

जज्ज झाले तेव्हा त्यांनी ओथोला कोर्टाचा शिपाई करून घेतलं. नावाचा पुकारा करायचा, ज्युरीच्या बारा माणसांना पाणी द्यायचं, लहान पोरं रडायला लागली की आईसकट बाहेर काढायची, आणि साक्षीदाराला शपथेचं पुस्तक द्यायचं. पुकारा करण्यात ओथोचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यानं दरवाजात उभं राहून नाव घेतलं की चौकातली कबुतरं उडायची.

आता पुस्तकाचं सांगतो. जज्जांच्या उंच बाकाखाली एक टेबल होतं, त्याच्यावर दोन बायबलं. एक काळ्या चामड्याचं, पितळी कडीचं. ते गोऱ्या साक्षीदारांचं. दुसरं तपकिरी पुठ्ठ्याचं, पाठीला चिकटपट्टी लावलेलं. ते काळ्या साक्षीदारांचं. काळं पुस्तक गोऱ्यांचं, ह्यात कोणाला काही गंमतही वाटत नसे. हे कोणी सुरू केलं, कधी केलं, काही लिहिलेलं नव्हतं. स्वयंपाकघरात मिठाची आणि साखरेची बरणी न बघता हाताला सापडते, तसं ओथोला ते होतं. माणूस पिंजऱ्यात चढायच्या आत त्याच्यापुढे त्याचं पुस्तक. आतला मजकूर ओळ न् ओळ तोच. पण हात निराळे, म्हणून पुस्तकं निराळी.

जज्ज म्हणून टॅरंट चांगले. पक्षपात कमी, बोलणं थोडं, शिक्षा देताना आवाज खाली. शेतकऱ्यांत कुंपणावरून भांडण आलं की स्वतः जाऊन कुंपण बघून यायचे. लोक म्हणायचे, टॅरंटकडे हरलो तरी झोप लागते. अशी वर्षं गेली, केस पांढरे झाले, आणि एका वसंतात सुप्रीम कोर्टातली एक खुर्ची रिकामी होणार अशी बातमी आली. आमच्याकडे जज्जसुद्धा लोकांच्या मतांवर निवडून येतात.

बातमी घेऊन आला हॉयट लेडबेटर. पशुखाद्य आणि खेचरं विकायचा त्याचा धंदा, पण खरा धंदा मतं. टकापासकट सात काउंट्यांत कोणाच्या घरी लग्न, कोणाच्या घरी सुतक, सगळं त्याला तोंडपाठ. टॅरंटचा लहानपणापासूनचा दोस्त. ओसरीवर झोपाळ्यात बसून बर्फाचा चहा पीत म्हणाला, "ॲन्सेल, लेका, तुझ्या मामाची खुर्ची आली. तू फक्त गप्प राहा, हसत राहा, पोरांचे मुके घे. बाकीचं माझ्यावर सोड."

"गप्प राहून जज्ज होता येतं होय रे?"

"सुप्रीम कोर्टाचा तसाच होता येतो."

मिस कोरालीनं राजधानीतल्या घराच्या पडद्यांसाठी कापडही आणून ठेवलं. निळं, बारीक फुलांचं. आणि जज्जसाहेबांनी ओथोला सांगितलं, "मी गेलो तर तू येशील. तिथला दरवाजा आपल्याहून मोठा आहे, तुझ्या आवाजाला पुरेल." ओथोनं हे बायकोला सांगितलं, चर्चमध्ये सांगितलं, न्हाव्याला सांगितलं. एवढं मोठं आपल्या वाट्याला येईल, असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात सीफस बूनचा खटला उभा राहिला.

सीफस म्हणजे अर्धलीनं कापूस लावणारा काळा पोरगा, विशीतला. शनिवारी भर दुपारी नदीकाठचं जीन, कापसातली सरकी काढायचा कारखाना, जळालं. तिथल्या मुकादमानं काळ्या चामड्याच्या पुस्तकावर हात ठेवून सांगितलं, आग लावून पळणाऱ्या सीफसला मी डोळ्यांनी पाहिलं. सीफस म्हणाला, मी तिथं नव्हतोच. टेम्पीमावशीला गाडीत घालून नदीच्या खालच्या वस्तीवर नेत होतो, तिथं एक बाई अडली होती.

टेम्पी रड, काळी सुईण. आमच्या काउंटीत गोऱ्यांच्या घरी जन्मलेली पोरंसुद्धा निम्मी तिच्याच हातावर आलेली. सरकारी वकील रॅन्सम पील, त्याची तिन्ही पोरं तिनंच काढलेली. सगळे तिला मावशी म्हणत. मावशी म्हणत, आणि मागच्या दारानं आत घेत.

कोर्टात माणूस मावत नव्हता. उकाडा असा की ज्युरीतल्या एकाला घेरी आली. जज्जांनी ओथोला खूण केली, ओथो बादली घेऊन विहिरीवर धावला. तेवढ्यात टेम्पीमावशी पिंजऱ्यात चढली. शपथ द्यायला शिपाई नाही. जज्जसाहेब वाकले, हात खाली घातला, टेबलावरून पुस्तक उचललं आणि तिच्यापुढे धरलं.

ओथो पाण्याची बादली घेऊन दारात आला तेव्हा मावशीचा हात काळ्या चामड्यावर होता आणि तिची शपथ संपत आली होती. ओथोला वाटलं, आपल्याला ऊन लागलं असावं. त्यानं टेबलाकडे पाहिलं. तपकिरी पुस्तक जिथल्या तिथं पडलं होतं. बादली हिंदकळून त्याच्या बुटांवर पाणी सांडलं, त्याचंही त्याला भान नव्हतं. पंखे हलवणाऱ्या बायकांचे हातसुद्धा थांबले.

रॅन्सम पील उठला. रागानं नाही, अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "जज्जसाहेब, साक्षीदाराच्या हातात चुकीचं पुस्तक गेलंय. उकाड्यात होतं असं. माझी विनंती, शपथ परत द्यावी, त्या पुस्तकावर."

किती सोपं होतं ते! अर्ध्या मिनिटाचं काम. ओथो बादली ठेवून पुढे झालाही होता, त्याचा हात तपकिरी पुस्तकाकडे गेलाही होता.

जज्जसाहेब स्वतःच्या हातातल्या पुस्तकाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पीलसाहेब, ह्या दोन पुस्तकांत फरक काय?"

पील गोंधळला. "पुस्तकांत नाही, साहेब. ते... म्हणजे, आपल्याला ठाऊकच आहे."

"मला ठाऊक आहे. कोर्टाच्या दप्तरात येण्यासाठी तुम्ही सांगा."

पील हातातले कागद चाळायला लागला. तोंडानं सांगायची पाळी आजवर कोणावर आलीच नव्हती. जज्ज टेम्पीकडे वळले. "तुम्ही शपथ घेतलीत?"

काळ्या बाईला 'तुम्ही' म्हणाले. गर्दीतून एक सुस्कारा निघाला, पाय चिमटल्यासारखा.

"घेतली, जज्जसाहेब."

"कोणाला स्मरून?"

"सगळे ज्याला स्मरून घेतात, त्यालाच."

"पीलसाहेब, आपली विनंती नामंजूर. साक्ष पुढे चालू द्या."

मावशीनं साक्ष दिली. वाटेत चाक कुठं रुतलं, तेव्हा कोण भेटलं, मूल पायाळू कसं आलं, सगळं. उलटतपासणीत पीलला तिच्याशी नजर मिळवता येईना. ज्युरीत बारा गोरे, त्यांच्यातल्या बहुतेकांची पोरं तिनंच काढलेली. त्यांनी सीफसला सोडून दिलं. आणि ह्यावरून आमच्या गावात कोणी एक शब्द काढला नाही, हेच तर नवल. मावशी खोटं बोलायची नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा शब्द काउंटीनं गिळला. पुस्तक मात्र घशात अडकलं.

दुसऱ्याच दिवशी कुंपणाचा एक दावा होता. गोरा शेतकरी पिंजऱ्यात चढला, ओथोनं काळं पुस्तक पुढे केलं. शेतकऱ्यानं हात मागे घेतला. "ह्याला मी नाही शिवणार."

"का हो?" जज्जांनी विचारलं.

"का, ते तुम्हाला माहीत आहे."

"मग तपकिरी घ्या."

"ते तर मुळीच नाही!"

आता आली पंचाईत. आमच्याकडे एक क्वेकर म्हणून पंथ ऐकून माहीत होता, त्या लोकांना शपथ घेणं चालत नाही. त्यांच्यासाठी कायद्यात सोय आहे: पुस्तकाला न शिवता नुसता हात वर करून खरं सांगेन म्हणायचं. जज्जसाहेब म्हणाले, "तुमचा पंथ क्वेकर असेल तर हात वर करा." शेतकरी तीन पिढ्यांचा बाप्टिस्ट, त्याचा सासरा पाद्री. त्यानं दात खाऊन हात वर केला. त्या महिन्यात टकापा कोर्टात इतके क्वेकर निघाले की एवढे त्यांच्या मूळ मुलुखातही नसतील. बाप्टिस्टांचा पाद्री प्रवचनात म्हणाला, "माझा कळप चाललाय तरी कुठं!" लोक हसले, पण ते हसणं पूर्वीचं नव्हतं.

गावानं नवं बायबल घ्यायचं ठरवलं. भारी, सोनेरी कडांचं, फक्त गोऱ्यांसाठी. पुढारी मंडळी ते घेऊन कोर्टात आली. जज्जसाहेबांनी हातात घेऊन पाहिलं, छपाईची तारीफ केली, आणि म्हणाले, "छान आहे. चर्चला द्या. इथं आता एकच पुस्तक पुरतं." त्यांनी तपकिरी पुस्तक उचललं आणि स्वतःच्या खोलीत कपाटावर नेऊन ठेवलं.

संध्याकाळी लेडबेटर ओसरीवर आला. ह्या खेपेला झोपाळ्यात बसला नाही.

"ॲन्सेल, वेड लागलंय का तुला? सात काउंट्यांत आग लागलीय."

"आग विझली. सीफस सुटला."

"माझ्याशी वकिली नको करूस! लोकांना तू आवडतोस रे. त्यांना फक्त एक शब्द हवाय. चूक झाली म्हण. हात चुकला म्हण. हात कोणाचाही चुकतो. पुढच्या शनिवारी मेळावा आहे, तिथं एवढं एक वाक्य बोल, की खुर्ची तुझी."

मिस कोराली दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "हॉयट, खरंच चुकला असेल हो. चष्मा घरीच विसरले होते त्या दिवशी."

"बघ! वहिनीसुद्धा सांगताहेत!"

जज्जसाहेब शेंगा सोलत राहिले, पण तोंडात एकही टाकली नाही.

मग लेडबेटर ओथोकडे गेला. ओथो कोर्टाच्या पायऱ्या झाडत होता.

"ओथो, पुस्तकं टेबलावर मांडतं कोण?"

"मी."

"मग त्या दिवशी उलटी मांडली गेली असतील. नाही का?"

"छे हो, मी कधी..." ओथो बोलता बोलता थांबला.

"हां," लेडबेटर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "विचार कर. त्याला बोलायला नको. तू बोल. तो नुसता गप्प बसला तरी पुरे. आणि गप्प बसणं त्याला चांगलं जमतं."

ओथो आठवडाभर झोपला नाही. पुस्तकं त्यानं बरोबर मांडली होती, हे त्याला स्वतःच्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं. पण साहेबांची खुर्ची, मामाची इच्छा, मिस कोरालीचं निळं कापड, आणि राजधानीतला तो मोठा दरवाजा! एका खोट्यानं चौघांचं भलं होतं, आणि ते खोटंही असलं की आपली बेअब्रू सोडून कोणाचं काही जात नाही. एवढं साधं गणित त्यानं शंभर वेळा मांडलं, आणि दर वेळी उत्तर तेच येऊनही त्याला बरं वाटेना.

शुक्रवारी वाटेत टेम्पीमावशी भेटली. हातात पिशवी, कुठंतरी बाळंतपणाला निघालेली. ओथोनं तिला थांबवलं.

"मावशी, खरं सांग. त्या दिवशी पुस्तक दुसरं आहे, हे तुला कळलं होतं?"

"हातात येताच कळलं, मिस्टर ओथो. जड होतं."

"मग बोलली का नाहीस? तिथल्या तिथं मिटलं असतं."

मावशीनं पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. "मला खरं सांगायला बोलावलं होतं. पुस्तक निवडायला कुठं बोलावलं होतं? ते काम तुम्हा लोकांचं." आणि जरा थांबून म्हणाली, "तुम्ही पोटातून पाय आधी करून आला होतात, मिस्टर ओथो. तेव्हापासून बघतेय, तुम्ही उगाच घाबरता." आणि चालती झाली.

आता पुढं काय झालं ते आधी सांगून टाकतो, म्हणजे मेळाव्याची गोष्ट निवांत सांगता येईल. टॅरंट ती निवडणूक हरले. नुसते हरले नाहीत, टकापा काउंटीतसुद्धा त्यांना मतं पडली नाहीत, जिथं खेचराच्या गोष्टीवर तीन पिढ्या हसल्या तिथं. पुढच्या मुदतीत जज्जाची खुर्चीही गेली. बियाण्यांच्या दुकानावरच्या माडीवर त्यांनी पुन्हा वकिली मांडली. मृत्युपत्रं, वाटण्या, बारीकसारीक तंटे. काळी माणसं जिना चढून यायची, गोरी माणसं कमी. लेडबेटर रस्त्यात भेटला तर टोपी उचलायचा, पण थांबायचा नाही. पडद्यांच्या निळ्या कापडाचे मिस कोरालीनं चर्चच्या गायकांसाठी गळपट्टे शिवले. आणि कोर्टात नव्या जज्जानं पहिल्याच दिवशी कपाटावरचं तपकिरी पुस्तक खाली काढायला लावलं. टेबलावर पुन्हा दोन पुस्तकं आली. मांडली ओथोनंच. पोटाला नोकरी हवी होती. पण त्या दिवसापासून पुकारा करताना त्याचा आवाज पहिल्यासारखा चढला नाही, हे चौकातल्या कोणालाही विचारा.

टॅरंट गेले ते फेब्रुवारीत, पावसाळी दिवशी. चर्चमध्ये बाकं अर्धी रिकामी. पण रस्त्याच्या पलीकडे, सीडरच्या झाडांखाली, काळी माणसं टोप्या काढून भिजत उभी होती. आत यायचं त्यांना कोणी सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. सीफस बून होता, त्याची बायकापोरं होती. टेम्पीमावशी सगळ्यांच्या पुढे, तेव्हा तिला दोन माणसांनी धरावं लागत होतं.

तर तो मेळावा.

चर्चच्या मैदानावर लांबच लांब टेबलं, त्यांच्यावर पांढऱ्या चादरी. खड्ड्यात रात्रभर भाजलेलं डुकराचं मटण, मक्याचा पाव, लोण्यातल्या शेंगभाज्या, पीचचा गोड पदार्थ, माश्या हाकलायला पोरीबाळी डहाळ्या घेऊन उभ्या. भाषणं संपल्याशिवाय जेवण वाढायचं नाही, हा आमच्याकडचा शिरस्ता. एरवी उमेदवाराचं कोण ऐकतं? सात काउंट्यांची माणसं आली होती. मधोमध फळ्यांचं व्यासपीठ, त्यावर लेडबेटर, जज्जसाहेब, आणि मिस कोराली नव्या हॅटमध्ये.

लेडबेटर उठला. जरा हवापाण्याचं बोलला, कापसाचं बोलला, मग म्हणाला, "मंडळी, तुमच्या मनात एक गोष्ट आहे, मला ठाऊक आहे. तिच्याबद्दल सांगायला मी एका साध्या माणसाला बोलावलंय. ये, ओथो."

जज्जसाहेबांनी चमकून मान वर केली. त्यांना हे माहीत नव्हतं.

ओथो फळ्यांवर चढला. टोपी हातात, कडा पिळून पिळून गोल झालेली. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण पुढच्या रांगेलासुद्धा ऐकू येईना.

"मोठ्यानं!" कोणीतरी ओरडलं. "पुकारा कर की, ओथो!"

"मी म्हणतोय," ओथो म्हणाला, "की त्या दिवशी टेबलावर पुस्तकं मीच उलटी मांडली होती. घाई होती. उकाडा होता. साहेबांनी हात घातला तो बरोबर जागेवर घातला. पुस्तक चुकलं ते माझ्यामुळं."

मग सगळ्या मैदानानं एकदम श्वास सोडला. एकजण हसला, दुसरा हसला. "अरे ओथ्या, गाढवा! सगळ्या राज्याला घोर लावलास की रे!" टाळ्या पडल्या. बायका एकमेकींकडे बघून मान हलवायला लागल्या. मिस कोरालीनं डोळ्यांना रुमाल लावला. पाद्री उठून ओथोची पाठ थोपटायला निघाला. माणसांना जज्जसाहेब हवेच होते. फक्त हवं असण्यात आड येणारी एक काडी होती, ती ओथोनं उचलून बाजूला टाकली.

लेडबेटरनं दोन्ही हात वर करून गर्दी शांत केली. चेहऱ्यावर तृप्ती मावत नव्हती. आता तो गप्प बसला असता तर सगळं पार पडलं असतं. पण जिंकलेला माणूस गप्प बसत नाही. जज्जसाहेबांकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "असंच झालं ना, ॲन्सेल? आपल्या ओथोची चूक?"

ओथोनं जज्जसाहेबांकडे पाहिलं. नजरेनं विनवलं, हो म्हणा. नुसती मान हलवा.

जज्जसाहेब उठून उभे राहिले. खिशातल्या शेंगा टेबलावर काढून ठेवल्या, जसं कोर्टात निकाल सांगायच्या आधी ठेवायचे. आवाज खाली ठेवूनच बोलले, पण शेवटच्या रांगेतल्या माणसानंही नंतर शब्दन् शब्द तसाच सांगितला:

"नाही, हॉयट. ओथोनं पुस्तकं जिथल्या तिथं ठेवली होती. त्याच्या हातून असं कधी होत नाही. उचलताना माझंच लक्ष नव्हतं. माझ्या मनात हा मेळावा होता, इथं काय बोलायचं ते मी जुळवत होतो. म्हणजे हात चुकला हे खरं. पण मंडळी, मी त्या खुर्चीवर बसल्यापासून तो एकदाच बरोबर पडला, आणि तोही चुकून. त्याच्या आधीची सगळी वर्षं मी डोळे उघडे ठेवून, समजून उमजून, दोन पुस्तकं समोर घेऊन बसलो होतो. तुम्हाला माझ्या तोंडून चूक कबूल करून हवी आहे ना? ती ही. हिच्यावर मत द्यायचं तर द्या, नाही तर देऊ नका. आणि कोणीतरी आधी ओथोला खुर्ची द्या."